निकाल ठरलेला, मोजणी उघड

आपल्याकडे 'नुरा कुस्ती' ही जवळजवळ शिवीच आहे. जपानच्या व्यावसायिक कुस्तीबद्दल महाराष्ट्रातून विचारणा होते तीही त्याच सुरात: निकाल आधीच ठरलेला, मग बघायचं काय? निकाल ठरलेला असतो हे इथे ओसाकात तिकीट काढणाऱ्यालाही ठाऊक असतं. तरी तो पंचाच्या हाताकडे डोळ्यांत तेल घालून बघत बसतो. महाराष्ट्र केसरीत खांदे टेकले की नाही या 2025 च्या वादात अडकलेल्यांनी निदान तो हात बघावा.

9 जून 2018 रोजी ओसाका-जो हॉलमध्ये झालेला न्यू जपान प्रो-रेसलिंग या कुस्ती कंपनीचा 'डोमिनियन' हा कार्यक्रम घ्या. नऊ लढती, त्यांतल्या सहा किताबाच्या, आणि सहापैकी पाच पट्टे एका संध्याकाळी दुसऱ्याच्या कमरेला गेले. माझ्या मते हे फारच झालं. त्यात नेव्हर ओपनवेटचा, म्हणजे वजनाची अट नसलेला, पट्टा तिरंगी लढतीत लावलेला. तिरंगीत गतविजेता स्वतः चीत न होताही पट्टा गमावू शकतो. अशाने किताबाचं वजन उतरतं. हे काही उचलण्यासारखं नाही.

उचलायचं ते शेवटच्या लढतीतलं. काझुचिका ओकादा आणि केनी ओमेगा आदल्या वर्षी, 11 जून 2017 रोजी, याच हॉलमध्ये पूर्ण साठ मिनिटं लढून बरोबरीत सुटले होते. बरोबरी झाली की पट्टा गतविजेत्याकडेच राहतो, म्हणून ओकादाचा वाचला. त्यामुळे 2018 मध्ये वेळेची मर्यादाच काढली आणि तीनपैकी दोनदा चीत करील त्याचा पट्टा असं ठरलं. पहिल्यांदा ओकादाने चीत केलं, 28 मिनिटं 47 सेकंदांत. दुसऱ्यांदा ओमेगाने, 19:10 मध्ये. निर्णायक तिसऱ्यांदाही त्यानेच, 16:53 मध्ये. बेरीज 64:50. ठरलेल्या निकालाचा हिशेबही सेकंदापर्यंत ठेवतात, आणि किताबाच्या लढतीत पाच मिनिटं झाली की निवेदक 'गो-फुन केइका' म्हणून सगळ्यांना सांगतो.

सुरुवातही अशीच उघड. किताबाची घोषणा वाचली जाते, गतविजेता पट्टा परत करतो, पंच तो वर धरून चारही बाजूंना दाखवतो. चाहते कागदी फिती फेकतात, पण आतली पुठ्ठ्याची नळी आधी काढून घेतात, नाहीतर ती मल्लाच्या डोक्यात बसायची. काळ्या चड्डीतले शिकाऊ मल्ल त्या भराभर गोळा करतात. मग मोजणी: रिंगणाबाहेर गेलात तर वीस आकडे, प्रतिस्पर्ध्याने दोरी धरली की पकड सोडायला पाच, आणि खांदे टेकले की पंचाच्या गादीवर तीन थापा. तिसरी पडायच्या आत खांदा उचलला की नाही, हे मागच्या रांगेलाही कळतं.

आणि 'नुरा' म्हणजे लुटुपुटूची, असं समजू नका. त्याच संध्याकाळी ज्युनियर हेवीवेटचा, म्हणजे 100 किलोंच्या आतल्यांचा, पट्टा जिंकलेल्या हिरोमु ताकाहाशीची मान महिन्याभरात, 7 जुलैला सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या लढतीत मोडली. त्याला पट्टा सोडावा लागला.

आता आपल्याकडे या. फेब्रुवारी 2025, अहिल्यानगर, गादीवरची लढत. पंचांनी पृथ्वीराज मोहोळला चीतपटीवर विजयी ठरवलं, शिवराज राक्षेचं म्हणणं की दोन्ही खांदे टेकलेच नाहीत. पुढे राक्षेची पंचाला लाथ, अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडचाही वाद, आणि राक्षे-गायकवाड दोघांवर तीन वर्षांची बंदी. लाथेचं समर्थन होत नाही. पण खांदे टेकले का, हे पंचाखेरीज मैदानातल्या किती जणांना दिसलं?

तीन थापांचा नियम आपल्याकडे चालणार नाही, हे मान्य. खऱ्या कुस्तीत खांदे क्षणभर टेकले तरी चीतपट, आणि तो क्षण पंचाच्या बाजूने वेगळा दिसतो, समोरून वेगळा. म्हणूनच चीतपट दिल्यावर लगेच हात वर करू नये. गादीच्या समोरासमोरच्या दोन कडांना, खांद्यांच्या पातळीवर, एकेक कॅमेरा हवा. वरून लावलेला कॅमेरा इथे कुचकामी, त्यात वरच्या मल्लाची पाठच दिसते. चित्रण आधी मोठ्या पडद्यावर, सगळ्या मैदानाला, संथ गतीने दाखवायचं. दोन्ही मल्ल तोवर गादीवरच थांबतील. हात त्यानंतर.