‘तोंड आवरा, वजन आपोआप आवरेल’ : फिरत्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

लठ्ठपणावरचा एक मजकूर घरच्या, सोसायटीच्या, कॉलेजच्या बॅचच्या ग्रुपांवर सतत फिरत असतो. शब्द बदलतात, गाभा तोच. लठ्ठपणा हा आजार नाही, आळस आहे. जीन्स, थायरॉईड ही सगळी निमित्तं. आजोबा तूप-भाकरी खाऊनही काटक राहिले, कारण त्यांना शिस्त होती. तोंडावर ताबा ठेवा, रोज अर्धा तास चाला. ज्यांना तेवढंही जमत नाही ते इंजेक्शनं घेतात. खाली हात जोडलेले दोन-तीन इमोजी.

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य थोडंसं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. आता एकेक बघू.

“जास्त खाल्लं की वाढतं, कमी खाल्लं की उतरतं. यात शास्त्र कसलं?”

ऊर्जेचा हिशेब बरोबरच आहे. पण मग सारखंच जास्त खाणाऱ्यांचं वजनही सारखंच वाढायला हवं. कॅनडातल्या क्लोद बुशार यांच्या गटाने हेच तपासलं. एकसारख्या जुळ्यांच्या १२ जोड्या, सगळे तरुण पुरुष. आठवड्यातले सहा दिवस प्रत्येकाला गरजेपेक्षा १००० कॅलरी जास्त, असं एकूण ८४ दिवस, तेही देखरेखीखाली. चोरून खायला वाव नाही आणि व्यायामाचीही मुभा नाही. १९९० साली निष्कर्ष छापून आले: सरासरी वाढ ८.१ किलो, पण कुणाचं वजन ४.३ किलोने वाढलं तर कुणाचं १३.३ किलोने. जुळ्या भावांची वाढ मात्र बरीचशी एकमेकांच्या जवळपास. इथे शिस्त सगळ्यांना सारखीच लावली होती.

उलट्या बाजूचा पुरावा तर जास्त बोलका आहे. मधुमेहाचं कॅनाग्लिफ्लोझिन हे औषध घेतलं की रोज साधारण ९० ग्रॅम ग्लुकोज लघवीतून जातं. म्हणजे ३६० कॅलरी गेल्या आणि माणसाला पत्ताही नाही. वर्षभरात वजन भरपूर उतरायला हवं. प्रत्यक्षात तीन-चार किलो उतरतं आणि काटा थांबतो. अमेरिकेतले संशोधक केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये याचा हिशेब मांडला: उतरलेल्या प्रत्येक किलोमागे भूक दिवसाला साधारण १०० कॅलरींनी वाढते, तर शरीराचा खर्च २०-३० कॅलरींनी घटतो. पाच किलो उतरलेल्या माणसाची भूक रोज ५०० कॅलरी जास्त मागते, आणि ती काही दिवसांत शमणारी नसते. ‘कमी खा’ हा सल्ला या वाढलेल्या भुकेशी रोज झुंजायला सांगतो. जमतं काहींना. बहुतेकांना वर्षानुवर्षं जमत नाही.

“वजन परत वाढलं म्हणजे मन कच्चं”

मेलबर्नमध्ये ५० जणांना १० आठवडे अत्यल्प कॅलरींच्या आहारावर ठेवलं. सरासरी साडेतेरा किलो उतरले. वर्षाने रक्त तपासलं, तेव्हाही भूक वाढवणारं घ्रेलिन चढलेलं आणि पोट भरल्याची वर्दी देणारं लेप्टिन उतरलेलं होतं. अमेरिकेतल्या वजन उतरवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतले १४ स्पर्धक सहा वर्षांनी तपासले, तर बसल्या जागी होणारा त्यांचा ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा रोज ५०० कॅलरींनी कमी निघाला. सरासरी ५८ किलो उतरवले होते, त्यातले ४१ परत आले. लाखो प्रेक्षकांसमोर घाम गाळणाऱ्यांना आळशी म्हणायचं असेल तर म्हणा.

“आजोबांना शिस्त होती”

शिस्तीमुळे सगळा फरक पडला असेल, तर शिस्त किती झपाट्याने आटली ते बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २००५-०६ साली देशातल्या १२.६ टक्के स्त्रिया आणि ९.३ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ होते. २०१९-२१ साली २४ आणि २२.९ टक्के. पंधरा वर्षांत कोट्यवधी लोकांची इच्छाशक्ती एकदम निम्म्यावर आली? जीन्स बदलायलाही एवढा काळ पुरत नाही, हेही कबूल. बदललं ते भोवतालचं.

क्युबात हे उलट्या क्रमाने घडलं. १९९१ नंतर सोव्हिएत मदत बंद झाली, पेट्रोल संपलं, बसगाड्या थांबल्या, लोक सायकलींवर आणि पायी हिंडू लागले, खाणंही तुटपुंजं झालं. चार-पाच वर्षांत माणशी सरासरी पाच किलोच्या आसपास वजन घटलं. परिस्थिती सुधारली तसं ते पुन्हा चढलं. हे कुणी व्रत म्हणून केलेलं नव्हतं.

सगळ्यात सरळ पुरावा अमेरिकेतला आहे, कारण तिथे अक्षरशः सोडत काढली होती. १९९४ ते १९९८ दरम्यान पाच शहरांतल्या गरीब वस्त्यांतल्या ४४९८ स्त्रियांपैकी काहींना सोडतीने बऱ्या वस्तीत घर घ्यायला मदत मिळाली. आहाराचा सल्ला नाही, जिम नाही. १० ते १५ वर्षांनी मोजलं तेव्हा तीव्र लठ्ठपणाचं (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३५ किंवा जास्त) प्रमाण, ज्यांना मदत मिळाली नव्हती त्यांच्याहून शंभरामागे सुमारे साडेचारने कमी होतं. मधुमेहही कमी.

राहिला प्रश्न खाण्याचा. २०१९ मध्ये हॉल यांनीच २० जणांना चार आठवडे संशोधन रुग्णालयात ठेवलं: दोन आठवडे कारखान्यात अति-प्रक्रिया केलेलं खाणं, दोन आठवडे साधं. वाढलेल्या ताटात कॅलरी, साखर, मेद, तंतू, मीठ यांचं प्रमाण जुळवलेलं, हवं तेवढं खायची मुभा. पाकिटातल्या खाण्यावर तीच माणसं रोज ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली आणि त्यांचं वजन ०.९ किलोने वाढलं. साध्या खाण्यावर तेवढंच उतरलं. मऊ असतं, चावावं लागत नाही, भराभर पोटात जातं. पोट भरल्याची खबर मेंदूला पोचेपर्यंत पाकीट रिकामं. आजोबांच्या ताटात तूप होतं, पण दर दोन तासांनी हाताशी येईल असं पाकीट नव्हतं, आणि शेतापर्यंत पायी जाणं-येणं होतं.

“जीन्स आणि थायरॉईड ही निमित्तं”

थायरॉईडबाबत मजकूर बऱ्यापैकी बरोबर आहे. थायरॉईड मंदावल्याने वाढणारं वजन सहसा दोन ते चार किलो असतं आणि त्यात पाणी आणि क्षारांचाच वाटा मोठा असतो. गोळी सुरू करून टीएसएच (थायरॉईडचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) ताळ्यावर आल्यावरही वीस किलो जास्तच असतील, तर कारण दुसरीकडे शोधावं. थायरॉईडची गोळी वाढवून वजन उतरवणं हा मात्र थेट धोका आहे. हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडं ठिसूळ होतात.

जीन्सचं तसं नाही. १९८६ साली डेन्मार्कमधली ५४० दत्तक माणसं, मोठी झाल्यावर, तपासली. त्यांच्या अंगाची ठेवण जन्मदात्या आईवडिलांशी जुळली. ज्यांच्या घरात वाढली, ज्यांच्या ताटात जेवली, त्यांच्याशी जुळली नाही. क्वचित एकाच जीनमधला बिघाड सगळं ठरवतो: १९९७ साली केंब्रिजच्या संशोधकांनी लेप्टिनच तयार होत नसलेली दोन मुलं शोधली, त्यातली आठ वर्षांची मुलगी ८६ किलोची होती. लेप्टिनची इंजेक्शनं सुरू झाल्यावर अशा मुलांची अनावर भूक ओसरते. तिच्या आईला त्याआधी किती जणांनी ‘मुलीचे लाड करता’ असं ऐकवलं असेल! बाकी बहुतेकांत शेकडो जीन्सचा थोडाथोडा वाटा असतो. त्यातला नावाजलेला एफटीओ; त्याच्या दोन्ही प्रती ‘जड’, म्हणजे वजन वाढवणाऱ्या, असलेल्यांचं वजन सरासरी तीनच किलो जास्त असतं. जीन्स कल ठरवतात, आणि तो उघडा पडतो भोवताल अनुकूल झाल्यावर.

फिरत्या मजकुरात कधीच न येणारं एक कारण म्हणजे चालू असलेली औषधं. दीर्घकाळ घेतलेलं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, मानसिक आजारातलं ओलांझापिन, फिट्ससाठीचं व्हॅल्प्रोएट, नैराश्यातलं मिर्टाझापिन, मधुमेहातलं इन्सुलिन, ग्लिमेपिराइड आणि पायोग्लिटाझोन ही सगळी वजन वाढवू शकतात. ओलांझापिनने तर पहिल्या काही महिन्यांतच कपडे बदलावे लागतात. यातलं एकही औषध मनाने बंद करायचं नाही. कुठलं औषध कधी सुरू झालं आणि वजन कधीपासून चढलं, या दोन तारखा कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवा. पर्याय बऱ्याचदा असतो, विचारलं तर.

“रोज अर्धा तास चाला, पोट गेलंच समजा”

७० किलोचा माणूस अर्ध्या तासात झपझप तीन किलोमीटर चालला, तर बसून राहण्यापेक्षा जास्तीचा खर्च साधारण शंभर-सव्वाशे कॅलरी. परतताना टपरीवर गोड चहा आणि बिस्किटं घेतली की हिशेब फिटला. टांझानियातले हाद्झा शिकार-कंदमुळांवर जगतात, दिवसभर चालतात. तरी हर्मन पाँट्झर यांच्या २०१२च्या मोजमापात, अंगकाठीचा फरक वजा केल्यावर, त्यांचा दिवसाचा एकूण ऊर्जाखर्च खुर्चीत बसणाऱ्या अमेरिकनांएवढाच भरला.

तरी चालाच. चेन्नईतल्या रामचंद्रन यांच्या मधुमेह-प्रतिबंध अभ्यासात (२००६) आहार-चालण्याच्या गटात मधुमेह २८.५ टक्क्यांनी कमी झाला, आणि वजन जवळपास हललंच नाही. महिनाभर चालून काटा तसाच म्हणून चालणं सोडून देणारे नेमकं मिळत असलेलं सोडतात.

“बारीक माणूस म्हणजे ताब्यातला माणूस”

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो वैद्यकीय जगात गाजलेला आहे. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी: युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला, त्यात जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा जवळजवळ ८०० ग्रॅमने हलकी. स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी बरीचशी टिकून. आळस आणि शिस्त यांचा प्रश्न यायच्या आधी, आईच्या पोटात असतानाच हा पाया पडलेला असतो.

म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, आणि त्याहून महत्त्वाचा कमरेचा घेर: पुरुष ९० सेंटिमीटर, स्त्रिया ८०. तो मोजताना हमखास चूक होते. पँटचा नंबर म्हणजे घेर नव्हे. पट्टा सुटलेल्या पोटाच्या खाली बांधला जातो, त्यामुळे ३४ नंबरची पँट घालणाऱ्याचा घेर १०० सेंटिमीटर निघू शकतो. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, उघड्या अंगावर, टेप चोहीकडून आडवी ठेवून, श्वास सहज सोडल्यावर वाचायचं. पोट आत ओढायचं नाही.

“इंजेक्शन म्हणजे पळवाट”

ब्लड प्रेशरच्या गोळीला कुणी पळवाट म्हणत नाही. सेमाग्लुटाइड या भूक कमी करणाऱ्या इंजेक्शनाने ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं. बंद केल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. भूक कुठे ठरते, हे या दोन आकड्यांवरून कळावं. ही औषधं बीएमआय ३० पासून, किंवा २७ आणि सोबत मधुमेह-रक्तदाबासारखा त्रास असेल तर दिली जातात. डोस महिन्या-महिन्याने वाढवतात. घाई केली की उलट्या. चरबीबरोबर स्नायूही जातात, त्यामुळे वजनाच्या दर किलोमागे रोज किमान एक ग्रॅम प्रथिनं आणि आठवड्यातून दोनदा वजन उचलण्याचा व्यायाम हवा. पोटात असह्य कळ येऊन ती पाठीत गेली तर स्वादुपिंड किंवा पित्ताशय तपासायचं, त्याच दिवशी. जिम ट्रेनरकडून किंवा लग्नाला दोन महिने राहिलेत म्हणून घ्यायची ही गोष्ट नाही.

मग सगळं बाहेरचंच?

नाही. ‘जीन्सच तशा, आपण काय करणार’ हा उलटा मजकूरही तितकाच पोकळ आहे. आपल्या हातात काटा नसतो, काही कृती असतात. त्यातली सर्वांत मोठी बहुधा तेलाची. पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५च्या ‘मन की बात’मध्ये तेल १० टक्के कमी करायला सांगितलं. आधी मोजा तरी. पाच लिटरचा कॅन फोडला की त्यावर मार्करने तारीख टाका. चौघांच्या घरात तो ३० दिवसांत संपला, तर ४५५० ग्रॅम भागिले चार भागिले तीस: माणशी रोज ३८ ग्रॅम, ३४० कॅलरी. फरसाण आणि बाहेरचं खाणं यात धरलेलंच नाही. बैठं काम करणाऱ्यांसाठी राष्ट्रीय पोषण संस्थेने सांगितलेलं प्रमाण २०-२५ ग्रॅम. म्हणजे १० टक्क्यांनी भागत नाही, तिसरा हिस्सा कमी करायला हवा. तोच कॅन ४५ दिवस पुरला पाहिजे. फोडणीसाठी कॅनमधून किंवा बुधलीतून थेट ओतणं बंद, चमच्याने मोजून घेणं सुरू, एवढ्याने बराच फरक पडतो. चार कप चहात दोन-दोन चमचे साखर म्हणजे १६० कॅलरी. ती निम्मी करायला आठवडा-दोन आठवडे जीभ कुरकुरते, मग नाही.

पण कॅन घरात कोण आणतं, स्वयंपाक कोण करतं आणि रात्रपाळी कुणाची आहे, यावर हे जमणं अवलंबून असतं. आणि काही गोष्टी एकट्याच्या हाताबाहेरच्या आहेत. गोड शीतपेयांवरचा कर ब्रिटनमध्ये २०१८ला साखरेच्या प्रमाणाप्रमाणे लागू झाला, तेव्हा कंपन्यांनी कर चुकवायला पेयांतली साखरच उतरवली. ग्राहकांच्या मनोनिग्रहाची वाट बघावी लागली नाही. चिलीत २०१६पासून जास्त साखर, मीठ, मेदाच्या पाकिटावर काळा अष्टकोन छापावाच लागतो. आपल्याकडे एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या नियमांनुसार अशा पदार्थांची विक्री शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत बंद आहे. शाळेच्या फाटकापासून साधारण ७० पावलं मोजून बघा, त्यात किती टपऱ्या येतात ते, आणि पुढच्या पालकसभेत तो आकडा सांगा.