चार मिलिमीटरचं हसू

भाचीच्या दातांवरून घरच्या ग्रुपवर सध्या दोन तट पडलेत. तिच्या वरच्या पटाशीच्या दातांमधली रेघ चेहऱ्याच्या मध्यावर येत नाही, जराशी डावीकडे सरकलीय, असं ऑर्थोडॉन्टिस्टने (वाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरने) सांगितलं. एक तट म्हणतो, डॉक्टरांना कळतं, तारा लावून टाका. दुसरा म्हणतो, सोळा वर्षांत आपल्यापैकी कुणाला दिसलं नाही, तर तो दोष कसला? मी परदेशात राहतो, म्हणून ‘तिकडे काय करतात?’ हा प्रश्न माझ्याकडे.

दुसऱ्या तटाकडे पुरावा चांगला आहे. विन्सेंट कोकिच आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. हसण्याचे फोटो मुद्दाम थोडे थोडे बिघडवून ऑर्थोडॉन्टिस्ट, साधे दंतवैद्य आणि सामान्य माणसं अशा तिघांना दाखवले. मधली रेघ ४ मिमी सरकल्यावर ऑर्थोडॉन्टिस्टना खटकली. बाकीच्यांना तेवढीही कळली नाही. साध्या दंतवैद्यांनाही नाही! हसताना हिरडी २ मिमी दिसली की ऑर्थोडॉन्टिस्टना ते वाईट दिसे, इतरांना ४ मिमी झाल्यावर. पण दात २ मिमी कलते केले, तेव्हा मात्र तिघांच्याही लक्षात आलं. भिंतीवरच्या तसबिरीचं असंच असतं. वीतभर सरकलेली चालते, तिरकी झाली की हात आपोआप पुढे जातो.

इथवर मी दुसऱ्या तटात होतो. अडचण अशी की ‘सामान्य माणसा’चा डोळा कायम तसाच राहत नाही. इथे माझ्या ऑफिसातल्या बहुतेकांनी लहानपणी तारा लावलेल्या. ओळीत उभ्या केल्यासारखे दात रोज बघून माझी नजर नकळत तयार झाली. (बिघडली म्हणा हवं तर.) शाळेपासूनच्या मित्राचा वाकडा सुळा मला गेल्या वर्षी व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा दिसला. सुळा तोच, तीस वर्षांपासूनचा. रंगाचंही तेच. दाताच्या वरच्या कडक आवरणाखालचा, म्हणजे इनॅमलखालचा, डेंटिनचा थर पिवळसर असतो, म्हणून निरोगी दातही किंचित पिवळा दिसतो, हे ठाऊक असूनही आरशात मला माझे दात मळके वाटतात.

तेव्हा ‘तिकडे काय करतात’ याला माझ्या लेखी फारसं वजन नाही. चावताना दात नीट बसत नसतील तर डॉक्टरांचंच ऐकावं, त्यात मी पडणार नाही. प्रश्न नुसता दिसण्याचा असेल, तर डॉक्टर ओठ मागे ओढून, दिव्याखाली बघतात आणि बाकीचं जग बोलता बोलता, हातभर अंतरावरून. राहायचंय तिला या दुसऱ्या जगात, तेव्हा ठरवू दे तिलाच.

हे सगळं ग्रुपवर लिहीत होतो तेवढ्यात तिचाच मेसेज आला, ‘मामा, फोटो पाठवलाय, तुला काही दिसतं का?’

दिसलं. दोन बोटांनी फोटो मोठा केल्यावर.