"मॅडम, तो बार मीच लावला होता"

खारघरमध्ये माझा दवाखाना आहे. मागच्या महिन्यात एक जुना पेशंट आला. पंचेचाळिशीचा, बँक्वेट हॉलच्या कामावर जाणारा. सिरॉसिस, म्हणजे लिव्हर निकामी होत चाललेलं, पोटात पाणी. सहा महिने त्याला सांगतेय, आता एक थेंबही नको. तो मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, परवा वाशीला तुम्हा डॉक्टरांच्या कार्यक्रमात बार मीच लावला होता. तुम्ही दिसलात मला."

माझ्या हातात तेव्हा लिंबूसरबत होतं. पण ते त्याला सांगून काय उपयोग? ज्याला आपण दारूपासून लांब राहा म्हणतो, त्याच्याच हातून आपण पेले भरून घेतले.

त्याच कॉन्फरन्समध्ये दुपारी लिव्हरवर तासभर व्याख्यान झालं होतं. दारू १९८८ पासून कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्यांत आहे, तंबाखूच्याच रांगेत. कितीही कमी घेतली तरी ती सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं. हे आम्हाला पाठ आहे. कॉन्फरन्सच्या किटमध्ये कुणी सिगारेटचं पाकीट ठेवलं तर आम्ही खपवून घेऊ का?

"सगळे सज्ञान आहेत, कुणी जबरदस्ती करत नाही," असं एक ज्येष्ठ सर म्हणाले. सर, घरी किंवा मित्रांबरोबर, स्वतःच्या पैशाने कुणी काय घ्यावं यात मी पडणार नाही. पण इथे बिल सगळ्यांच्या रजिस्ट्रेशन फीमधून जातं, नाहीतर स्पॉन्सरकडून येतं. डॉक्टरकीची नोंदणी चालू ठेवायला मेडिकल कौन्सिलचे पाच वर्षांत ३० क्रेडिट (शिकत राहिल्याचे गुण) भरायचे तर अशा कार्यक्रमांना जावंच लागतं. आणि औषध कंपन्यांकडून पाहुणचार घ्यायचा नाही हा नियम तर २००९ पासून आहे.

मला सगळ्यात जास्त लागतं ते माझ्या एका मित्राचं. उत्तम सर्जन. व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला, चार वर्षं थेंब घेतलेला नाही. शेवटचं सेशन संपलं की तो गाडी काढतो. केसेसवर मोकळेपणी बोलणं, नव्या ओळखी, सगळं नंतर जेवताना होतं, आणि तिथे तो नसतो. "का निघालास?" याचं उत्तर त्याला दरवेळी नवं शोधावं लागतं. आजारातून उठलेल्या सहकाऱ्याला आपण दाराबाहेर ठेवतोय, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. त्याच रात्री काहीजण पाम बीच रोडने स्वतः गाडी चालवत घरी जातात. त्यांतले एकदोघे ऑन कॉल असतात, म्हणजे फोन आला की पेशंटकडे धावायचं असतं.

खारघरच्या रहिवाशांनी गावात बार नकोत म्हणून वर्षानुवर्षं आंदोलनं केली. माझे कितीतरी पेशंट त्यात होते. त्यांच्यासमोर मी कोणत्या तोंडाने बसू?

आमच्या कमिटीला मी लेखी पत्र दिलंय: पुढच्या कॉन्फरन्सला दारू नको, फीमधून नको आणि स्पॉन्सरकडूनही नको. आतापर्यंत अकरा जणांनी सह्या केल्यात. नवी मुंबईतल्या आणखी कुणाला करायची असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. मित्राला सांगून ठेवलंय, या वेळी जेवायला थांब.