एस्केप पॉड खोटा आहे, पण शेवटचा तो डायलॉग खरा आहे

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं विमान हायजॅक होतं त्या हॅरिसन फोर्डच्या 'एअर फोर्स वन' (१९९७) या पिक्चरबद्दल एक पोस्ट सगळीकडे फिरतेय, मला स्वतःला चार जणांनी पाठवली. त्यात म्हटलंय की शूटिंग राष्ट्राध्यक्षांच्या खऱ्या विमानात झालं आणि त्यातला एस्केप पॉडही (संकटात राष्ट्राध्यक्षांना घेऊन विमानातून सुटणारी छोटी कुपी) खरा आहे, फक्त सरकार कबूल करत नाही. मग खाली 'घोडचुका' म्हणून यादी: केबिनमध्ये एवढ्या गोळ्या झाडल्यावर विमान फुटलंच असतं, एवढ्या मोठ्या प्रवासी विमानात हवेत इंधन भरता येत नाही, आणि शेवटी लष्कराचं मालवाहू विमान 'एअर फोर्स वन' कसं काय होईल. हा पिक्चर मी कितीदा बघितलाय ते मोजलेलं नाही, माझा अतिशय आवडता आहे, म्हणून सांगतो की पोस्टवाल्याने सगळं अगदी उलटं लिहिलंय. जे खरं म्हणून दिलंय ते पिक्चरवाल्यांनी रचलेलं आहे आणि जे चुका म्हणून दिलंय तिथे पिक्चर बरोबर आहे.

पहिलं, खरं विमान. राष्ट्राध्यक्षांची विमानं दोन आहेत, बोइंग ७४७-२००बी वर बांधलेली, हवाई दलाच्या भाषेत व्हीसी-२५ए, १९९० पासून वापरात, शेपटीवर २८००० आणि २९००० हे नंबर. ती काय शूटिंगला देणार आहेत का कोणी? पिक्चरमधलं बाहेरून दिसणारं विमान म्हणजे भाड्याने घेऊन निळा-पांढरा रंग मारलेलं दुसरं ७४७, आणि आतलं सगळं स्टुडिओतला सेट. खरं विमान बघायची परवानगी टीमला मिळाली होती, ते मात्र खरं, म्हणून सेट इतका पटतो. आणि एवढंच काय, जर्मनीतला रामस्टाइन तळ म्हणून जो दाखवलाय तो अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला रिकनबॅकर तळ आहे, रशियातला तुरुंग म्हणजे ओहायोतल्याच मॅन्सफील्डचा जुना बंद पडलेला तुरुंग, आणि मॉस्कोतली मेजवानी क्लीव्हलंडच्या सेव्हरन्स हॉलमध्ये झालीय. म्हणजे अर्धं युरोप एका राज्यात उभं केलं त्यांनी, खरी कौतुकाची ट्रिव्हिया ही आहे आणि पोस्टमध्ये तिचा पत्ता नाही.

आता एस्केप पॉड. क्लिंटन त्यावेळी राष्ट्राध्यक्ष होते, त्यांनी पिक्चर बघितला, त्यांना आवडला, आणि असा पॉड विमानात नाही हे त्यांनीच सांगितलं. यावर 'ते असंच सांगणार' म्हणायचं असेल तर म्हणा, पण पॉड बसवायचा म्हणजे काय ते तरी बघा. माणसांसकट सुटी होणारी केबिन खरंच बनली होती, एफ-१११ या लढाऊ विमानात, पण ती शेजारी-शेजारी बसणाऱ्या दोघांपुरती होती आणि विमानच तिच्याभोवती डिझाइन केलेलं होतं. ७४७ च्या पोटात तशी वस्तू नंतर कोंबायची तर सांगाडाच कापावा लागेल. आणि राष्ट्राध्यक्ष पॉडमधून सुटतात ही कल्पना १९८१ च्या 'एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क' मध्येही आहे, म्हणजे ही पिक्चरमधूनच चालत आलेली गोष्ट आहे. ओलीस ज्या मागच्या रॅम्पवरून पॅराशूट घेऊन उड्या मारतात तोही ७४७ ला नसतो. शेपटीखाली जिना होता तो बोइंग ७२७ ला, आणि नोव्हेंबर १९७१ मध्ये डी. बी. कूपर म्हणून ओळखला जाणारा हायजॅकर पैसे घेऊन त्याच जिन्यावरून उतरला हवेत, त्यानंतर तो जिना उडताना उघडूच नये म्हणून ७२७ वर एक छोटी पट्टी बसवायला लागले, तिला नाव पण कूपर व्हेन.

गोळ्यांचं सगळ्यात जास्त लोक बोलतात म्हणून जरा हिशोबच करू. उंचीवर केबिनमधला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस इंचाला साधारण ८-९ पौंड जास्त असतो. ९ मिलिमीटरच्या गोळीचं भोक एक दशांश चौरस इंचाच्या आसपास. गुणाकार केला की येतो जेमतेम एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोपेक्षाही कमी जोर. तेवढ्याने माणूस सोडा, उशीसुद्धा धड ओढली जाणार नाही. शिवाय दाब नियंत्रणात ठेवायला विमानातून हवा मुद्दाम बाहेर सोडतच असतात, त्या झडपेचं तोंड गोळीच्या भोकापेक्षा कितीतरी मोठं असतं. एप्रिल १९८८ मध्ये अलोहा एअरलाइन्सच्या ७३७ चं पुढचं छप्पर हवेत उडून गेलं, एक फ्लाइट अटेंडंट त्यात गेली, पण विमान तरीही उतरलं. अख्खी खिडकी किंवा दरवाजा गेला तर धोका नक्कीच आहे, पण गोळीच्या भोकाने विमान फुग्यासारखं फुटतं हे साफ खोटं आहे.

इंधनाचं एका वाक्यात: व्हीसी-२५ए मध्ये हवेत इंधन घ्यायची सोय आहे, नाकावरचा फुगवटा बघा, त्यासाठीच आहे. इंधन देणाऱ्या टँकर विमानाचा पिक्चरमधला स्फोट मात्र फिल्मी, नळी सुटली की तिच्या टोकाची झडप बंद होते.

आणि आता तो डायलॉग, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. शेवटी राष्ट्राध्यक्षांना आत ओढून घेतल्यावर लिबर्टी २४ चा, म्हणजे त्या लष्करी मालवाहू विमानाचा पायलट रेडिओवर सांगतो की आता आम्ही एअर फोर्स वन. ही घोडचूक?? अहो, एअर फोर्स वन हे विमानाचं नाव नाहीच, ती कॉल साइन आहे, म्हणजे रेडिओवर सांगायची ओळख, हवाई दलाच्या ज्या विमानात राष्ट्राध्यक्ष असतील त्याची. १९५३ मध्ये आयझेनहॉवर यांच्या विमानाचा नंबर ८६१० होता आणि त्याच आकाशात ईस्टर्न एअरलाइन्सची ८६१० नंबरचीच फ्लाइट होती, गोंधळ झाला, म्हणून ही कॉल साइन आली. ९ ऑगस्ट १९७४ ला निक्सन राजीनामा देऊन कॅलिफोर्नियाला निघाले, विमान वाटेत असतानाच दुपारी १२ ला नवे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांचा शपथविधी झाला, आणि पायलटने कंट्रोलला सांगून कॉल साइन बदलून सॅम २७०००, म्हणजे त्या विमानाच्या स्वतःच्या नंबरची, करून घेतली. विमान तेच, माणूस तोच, नाव गेलं. पिक्चरमध्ये हेच उलट्या बाजूने घडतं, त्या एका ओळीवर माझ्या अंगावर आजही काटा येतो, आणि लोक तिला चूक म्हणतात.

चुका काढायच्याच असतील तर कथेतली खरी पोकळी गिब्ज हे पात्र आहे. राष्ट्राध्यक्षांचं रक्षण करणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसचा हा माणूस आपल्याच सहकाऱ्यांना मारून हायजॅकर्सना शस्त्रं मिळवून देतो, अख्खा पिक्चर त्याच्या गद्दारीवर उभा आहे, आणि तो हे का करतो ते शेवटपर्यंत कोणी सांगत नाही. त्याच्याबद्दल त्या पोस्टमध्ये एक शब्द नाही.