मला तर क्लिअर ऐकू यालंय

मी बोलत होतो आणि माझा माईक बंद करण्यात आला. ‘कंत्राटदाराचे उरलेले पैसे आपण’ एवढंच बाहेर गेलं. ‘गळती थांबल्याशिवाय द्यायचे नाहीत’ हे फक्त माझ्या भिंतींनी ऐकलं. आता इतिवृत्तात छापून आलंय की उरलेले पैसे देण्याचा विषय मीच मांडला. विषय सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा. सभा ऑनलाइन, कारण निम्मे फ्लॅटमालक पुण्याला आणि उरलेल्यांना पार्किंगमध्ये खुर्च्या मांडायचा कंटाळा.

आरोप काय, तर म्हणे माझा आवाज घुमतो.

आता ऑनलाइन सभेत आवाज घुमतो तो कुणामुळं, हे एकदा नीट सांगतो, कारण सभेत सांगू दिलं नाही. मी बोललो की माझा आवाज दुसऱ्या कुणाच्या तरी घरी स्पीकरमधून बाहेर पडतो. स्पीकर मोठा असला की तोच आवाज तिथल्याच माईकमध्ये शिरतो आणि उलटा सगळ्यांकडं येतो. सगळे मला दोनदा ऐकतात. मीही मला ऐकतो. फक्त त्या एका घरात मी एकदाच आणि स्वच्छ ऐकू येतो, कारण ॲप कुणालाही त्याचाच माईक परत ऐकवत नाही. म्हणजे ज्याच्याकडं घोळ असतो, तो सोडून बाकी सगळ्यांना त्रास होतो. तेव्हा ‘मला तर क्लिअर ऐकू यालंय’ असं जो छातीठोकपणे सांगेल, त्याचा माईक डोळे झाकून बंद करावा.

आमच्यात असं छातीठोकपणे सांगणारे म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे तात्या.

तात्यांनी सभेसाठी मोबाईलला ट्रॉली स्पीकर जोडला होता. चाकं असलेला, कमरेइतका उंच, समोर रंगीत दिवे फिरणारा. गल्लीच्या गणपतीत असतो तसला. ‘घरात सगळ्यांना ऐकू आलं पायजे,’ हा त्यांचा उदात्त हेतू. घरात ते आणि काकू दोघंच, आणि काकूंना टाकीत काडीचा रस नाही.

मोबाईलचं ॲप एरवी बरंच हुशार असतं. आपण स्पीकरला कोणता आवाज पाठवला हे त्याला ठाऊक असतं, आणि माईकमधून आलेल्या आवाजातून तेवढा भाग ते वजा करतं. पण ही वजाबाकी जमायला आवाज ठरल्या वेळेत परत यावा लागतो. ब्लूटूथ मध्ये आलं की उशीर वाढतो. त्यात अशा बहुतेक स्पीकरला फोन घेण्यापुरता एक बारका माईकही असतो. जोडणी झाली की मोबाईल आपला चांगला माईक सोडून तोच धरतो, आणि तो भोंग्यापासून वीतभर अंतरावर. वजाबाकीचा बोजवारा उडाला नाही तरच नवल.

सेक्रेटरींनी प्रयत्न केला, नाही असं नाही.

“तात्या, आवाज घुमालाय ओ तुमच्याकडनं.”

“माझ्याकडनं? मी बोलालोय का?”

“न्हाई, तुम्ही न्हाई बोलालाय, पण–”

“मग माझा कसा घुमंल? जो बोलालाय त्याचा घुमालाय. सरळ हाय की!”

“तसं नसतं तात्या. जरा तुमचा माईक बंद करून बघता का?”

“मला तर एकदम क्लिअर ऐकू यालंय. माझा कशाला बंद करू? ज्याचा बिघडलाय त्यानं करावा. आमचा स्पीकर मागच्याच गणपतीत घेतलाय, अजून वॉरंटीत हाय.”

वॉरंटीपुढं सेक्रेटरींचं काही चालेना. पुण्याचे एक सदस्य म्हणाले, “लॉजिक बरोबर आहे तात्यांचं.” पुण्याची मान्यता मिळाल्यावर सगळी सभा माझ्याकडं वळली, कारण बोलत मी होतो.

खरं तर चोर पकडायला अर्धं मिनिट लागतं. एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी गप्प बसून पडद्याकडं बघायचं. बोलणाऱ्याच्या चौकटीची कड उजळते हे सगळ्यांना माहीत असतं. पण तो बोलत असताना गप्प बसलेल्या दुसऱ्याच कुणाची कड मध्येच लुकलुकली, तर तिथून आवाज परत येतोय. तात्यांची चौकट माझ्या प्रत्येक वाक्यागणिक पेटत होती. तात्या मात्र ओठ घट्ट मिटून, देवळात बसल्यासारखे. एवढा धडधडीत पुरावा पडद्यावर असताना सेक्रेटरींचं बोट माझ्या नावाकडं गेलं.

पुढं जे झालं त्याला नशीब म्हणतात. माझा माईक बंद झाला त्याच मिनिटाला तात्या मोबाईल घेऊन जिना उतरले. दुधाची वेळ झालेली. आमची बिल्डिंग कोल्हापुरात रंकाळ्याच्या बाजूला, गंगावेशीतला दुधाचा कट्टा तिथून चालत पाच-सात मिनिटं. ब्लूटूथची ताकद घरात भिंती धरून जेमतेम दहा मीटर. दुसऱ्या मजल्यावर येईतो ट्रॉली स्पीकर सुटला, मोबाईल आपल्या माईकवर आला आणि आवाज झाला काचेसारखा.

“बघा,” सेक्रेटरी म्हणाले, “ह्यांना म्यूट केल्या केल्या थांबलं.”

मी चॅटमध्ये लिहिलं, ‘तात्यांच्या स्पीकरमुळे घुमत होतं.’ त्याला दोन अंगठे आले. एक तात्यांचा.

मग सभेनं तात्यांबरोबर गंगावेशीचा फेरफटका मारला. माईक अर्थातच चालू. चप्पल, जिना, कुणाची तरी न लागणारी स्कूटर, ‘काय तात्या, सभा काय?’, ‘व्हय, टाकीची.’ आणि मग कट्टा. म्हशी आणून समोर धार काढून ग्लास हातात देतात तो. इथं ॲपच्या आणखी एका हुशारीचं पितळ उघडं पडतं. आजूबाजूचा गोंगाट गाळणारी जी सोय असते ती माणसाचा आवाज ठेवायचा आणि बाकीचं टाकायचं, असं शिकलेली असते. पंख्याची घरघर ती सहज पुसते. पण शेजारचा माणूसही माणूसच. त्याला कसं गाळणार? त्यामुळं म्हैस हंबरली ती निम्मीशीच ऐकू आली आणि ‘फेस कमी, दूध घाल की भावा’ हे मात्र शब्दन् शब्द पोचलं. खजिनदार त्या वेळी टाकीच्या वॉटरप्रूफिंगचा दर वाचून दाखवत होते. इतिवृत्तात तो दर ‘ऐकू आला नाही’ असा आहे. त्याबद्दल कुणालाही म्यूट केलेलं नाही.

याच गाळणीचा दुसरा फटका कोल्हापुरात फार बसतो, आणि त्याची ओरड कुणी करत नाही म्हणून इथं घुसडतो. अल्लादिया खाँसाहेब जिथं दरबार गवई होते त्या गावात आज ऑनलाइन गाण्याच्या शिकवण्या चालतात, आणि समोरच्याला तंबोराच ऐकू येत नाही. सलग एका सुरात चालणारी गोष्ट म्हणजे यंत्राच्या लेखी पंखाच. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये संगीतकारांसाठी ‘ओरिजिनल साऊंड’ म्हणून पर्याय असतो. तो चालू करावा, कानाला हेडफोन लावावा, तंबोरा परत येतो. नाहीतर बिचारी पोरं पंख्याविना आणि षड्जाविना गातात.

माईक बंद-चालू करणं हे खरं तर एका बोटाचं काम. झूममध्ये विंडोज कॉम्प्युटरवर ऑल्ट आणि ए. गूगल मीटमध्ये कंट्रोल आणि डी. टीम्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एम. झूमला तर आणखी सोपं करून ठेवलंय: माईक बंद ठेवायचा, बोलताना स्पेस बार दाबून धरायचा, सोडला की परत बंद. साध्या फोन कॉलवरून झूमच्या सभेत आलेल्यांनी स्टार आणि सहा दाबायचं. बटणावरची अक्षरं वाचूच नयेत. चित्रातल्या माईकवर तिरकी रेघ असेल तर बंद, नसेल तर जग ऐकतंय. मोबाईल अँड्रॉइड १२ किंवा त्यानंतरचा असेल तर माईक वापरात असताना वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. एवढं सगळं करून ठेवलंय, पण बघायला कुणाचं काय जातंय?

आणि हे आपल्याकडंच होतं असं नाही. ६ मे २०२० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाची सुनावणी फोनवरून चालू होती, थेट प्रक्षेपण चालू होतं, वकीलसाहेब युक्तिवाद करत होते, आणि मध्येच कुणीतरी संडासाचा फ्लश ओढला. सगळ्या देशानं ऐकलं. खटला कशाचा होता, तर लोकांच्या मोबाईलवर नको असलेले कॉल येतात त्याचा.

विनोद इथंवर ठीक आहे. पण कुकरचं काय? आमच्या सभेत पाच घरांतून शिट्ट्या आल्या आणि पाचही ठिकाणी पुरुषांनी माईक चालू ठेवूनच स्वयंपाकघराकडं बघून आवाज चढवला, ‘अगं, मीटिंग चाललीय!’ शिट्टीपेक्षा हे जास्त मोठ्यानं आलं. एकालाही आपलं बोट हलवावंसं वाटलं नाही. ऑल्ट आणि ए दाबायला लागतो त्याहून बायकोला दरडावायला जास्त दम लागतो, तरी दरडावणंच सोपं वाटतं. संध्याकाळी साडेसातला सभा ठेवायची आणि घरच्या बाईनं डाळ शिजवायची नाही, मिक्सर फिरवायचा नाही, भांडं आपटायचं नाही. हिशोब कुठल्या वहीतला आहे हा?

खासबागेत कुस्तीला आरोळी ठोकणाऱ्या गावाला माईक मुळात लागतो कशाला, हाही प्रश्नच आहे. तोंडापासूनचं अंतर दुप्पट केलं की मोकळ्यावर आवाजाची पातळी साधारण सहा डेसिबलनं उतरते, म्हणून माईक वीतभर अंतरावर धरावा आणि घरात बोलतो तसं बोलावं. आपल्याकडं तो हातभर लांब ठेवून पन्हाळ्याला हाक मारल्यासारखं बोलतात, वर मोबाईलच्या खालच्या कडेचं माईकचं भोक करंगळीनं झाकून.

तर तात्या परत आले. दुधाची किटली खाली ठेवल्याचा टण्ण आवाज आला, मोबाईलनं जुनी ओळख धरून ट्रॉली स्पीकर आपोआप जोडला, आणि खजिनदार घुमायला लागले. मी तेव्हा पुरता बंद होतो. माझा माईक मला उघडताच येत नव्हता, कारण मला म्यूट करताना ‘सदस्यांना स्वतः अनम्यूट करू द्या’ ही खूण सेक्रेटरींनी काढून टाकली होती आणि मग बंद असलेल्या एकेकाला बोलवून परवानगी देत होते. तरी दोघांनी विचारलं, मी काही करतोय का.

शेवटी सेक्रेटरींना कुठून तरी सुबुद्धी झाली. “तात्यांना एक इअरफोन घेऊन देऊया. वायरचा.”

हा एकच शहाणपणाचा ठराव. आवाज कानातच राहिला तर माईकला सापडणार कुठून? दोन-तीनशे रुपयांत येतो. फक्त घेताना पिन बघावी: काळ्या रेघा तीन असतील तर माईकसकट, दोन असतील तर नुसता ऐकायचा. मोबाईलला गोल भोकच नसेल तर टाइप-सीचा घ्यावा. मी हे सगळं चॅटमध्ये टाकलं.

“माझ्या कानाला काय झालंय?” तात्या म्हणाले. “घुमतंय ह्यांच्याकडं, घालायचा मी?”

“सोसायटी देतीय तात्या.”

“सोसायटी म्हणजे कुठल्या पैशातनं? सिंकिंग फंडाला हात लावायचा न्हाई, आधीच सांगतो.”

पुण्याच्या सदस्यांनी तीन कोटेशन मागवावीत अशी सूचना केली. खजिनदार म्हणाले, मेंटेनन्समधनं टाकू. उपाध्यक्षांनी विचारलं, एकट्या तात्यांनाच का, द्यायचा तर चोवीस फ्लॅटना द्या. प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येत होतं, त्यामुळं चर्चेला दुप्पट वेळ लागला. मतदान घ्यायचं ठरलं. हात वर करायचं बटण कुठं असतं ते तात्यांनी विचारलं आणि झूमची फुकटची चाळीस मिनिटं संपली.