धयकाल्याची रात्र आणि ४८ फ्रेम्स

नमस्कार. 'अवतार: द वे ऑफ वॉटर' (२०२२) हा सिनेमा मला लांबलेला वाटला आणि त्यातला सेकंदाला ४८ फ्रेम्सचा वेग खटकला, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप दोन आहेत. रात्रभर धयकालो, म्हणजे जत्रेतलं दशावतारी नाटक, बघणाऱ्या मालवणी माणसाला १९२ मिनिटं जड कशी जातात, हा एक. आणि ४८ फ्रेम्स खटकणं हा निव्वळ जुन्या सवयीचा दोष आहे, हा दुसरा. दुसऱ्यात तथ्य आहे, म्हणून आधी तोच घेतो.

हा सिनेमा मी मुंबईत थ्रीडीत पाहिला. माझं घर मालवणजवळच्या देवबागात, एका अंगाला कर्लीची खाडी आणि दुसऱ्या अंगाला दर्या. पाणी कसं हलतं ते मला ठाऊक आहे. सेकंदाला २४ फ्रेम्स असल्या की थ्रीडीत जलद हालचाल ठेचकाळते. पाण्याखालच्या ४८ फ्रेम्सच्या दृश्यांत ती सलग झाली. तळाच्या वाळूवर उन्हाची जाळी हलावी तशी हलली. मी अक्षरशः पुढे सरकून बसलो. मूळ लेखात हे दोन ओळींत उरकलं, ती चूक मान्य.

पण हा सिनेमा सगळा ४८ चा नाही. बोलण्याची दृश्यं २४ चीच आहेत, एकेक फ्रेम दोनदा दाखवून बसवलेली. माणसं नुसती उभी राहून बोलतात तिथे हा वेग मारक ठरतो, असं खुद्द जेम्स कॅमेरून यांचं म्हणणं. बोलपट आले तेव्हापासून २४ ची सवय आहे हे खरं, पण मग सगळं खापर माझ्या डोळ्यांवर का? पात्र पाण्याबाहेर आलं की हालचालीची जातच बदलते, आणि दर वेळी मी गोष्टीतून बाहेर पडतो.

आता लांबी. जत्रेत आडदशावतारात, म्हणजे मुख्य कथेआधीच्या भागात, संकासुर राक्षस येतो, तोवर कोणी चहा पिऊन येतो, पोरं खाज्याच्या दुकानाशी घुटमळतात. पुढे आख्यानात संवाद आयत्या वेळचे. लोक रंगले की नट प्रसंग फुलवतो, पेंगू लागले की आवरतो. एवढी रात्र त्याच्या बळावर निघते. पडद्याला समोरचा माणूस दिसत नाही.

तरीही सरसकट कात्री लावा, असं मी म्हणत नाही. मुलं श्वास रोखायला शिकतात तो भाग आणखी अर्धा तास चालला असता तरी मी बसलो असतो. मला लांबली ती शेवटची लढाई. बुडत्या जहाजातली सुटका सुरू झाली तेव्हा डोळे थकले होते, आणि पुन्हा पाणी आलं तरी ते आधीसारखं बघता आलं नाही.