हद्दवाढीआधी सही कुणाची?

मेलबर्नला आमच्या भागातल्या वाचनालयात कौन्सिलनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, संध्याकाळची बैठक ठेवली होती. विषय : पुढच्या दहा वर्षांत हा परिसर कसा असावा? आलो नऊजण, त्यातले सात पांढऱ्या केसांचे. टेबलावर पिवळ्या चिठ्ठ्या आणि गारढोण सँडविच. एका कागदावर प्रश्न होता, शेजाऱ्यांची नावं माहीत आहेत का? डावीकडच्याचं सांगितलं. उजवीकडच्या घराशी चार वर्षं माझी भिंत सामाईक आहे, पण नाव काही आठवेना. माहीतच नव्हतं, तर आठवणार कुठून!

हे बोलावणं कौन्सिलची हौस नव्हे. व्हिक्टोरिया राज्याच्या २०२० च्या कायद्यानं प्रत्येक कौन्सिलला लोकांना विचारून किमान दहा वर्षांचं स्वप्न आणि चार वर्षांचा आराखडा लिहावाच लागतो. मुदत निवडणुकीच्या पुढच्या वर्षी ३१ ऑक्टोबर. काम झालं की नाही हे कशावरून ठरवायचं, तेही त्यातच लिहायचं.

यातलं शेजारधर्माचं प्रकरण आमच्या कोल्हापूरला पाठवायची गरज नाही. पेठेत शेजारच्या आमटीला फोडणी कसली पडली तेसुद्धा कळतं. २०१९ च्या महापुरात तालमी-मंडळांची पोरं कुणाच्या आराखड्याची वाट बघत बसली नव्हती. इथं कौन्सिल पैसे ओतून जे जमवू बघते, ते आपल्याकडं कट्ट्यावर फुकट मिळतं.

आपल्याकडं नाही तो दुसरा कागद : काय करणार, कुठं, कधीपर्यंत.

कोल्हापूरच्या हद्दवाढीचंच घ्या, म्हणजे आजूबाजूची गावं महापालिकेत घेण्याचं. १९७२ ला महापालिका झाली, तेव्हापासून हद्द तसूभर सरकलेली नाही. शहरवाले म्हणतात, गावं घेतल्याशिवाय वाढ नाही, निधी नाही. शहराला लागून असलेल्या पाचगावचे माझे मामा म्हणतात, "घरफाळा लगेच येणार, गटार कवा येणार ते सांगा की." काळम्मावाडी धरणाच्या थेट पाईपलाईनचं पाणी शहरात यायला २०२३ ची दिवाळी उजाडली, आणि त्याआधी कित्येक वर्षं आंदोलनं झाली. हे ज्यानं बघितलंय, त्यानं नुसत्या शब्दावर विश्वास का ठेवावा? त्यात २०२० च्या नोव्हेंबरला सभागृहाची मुदत संपली आणि पाच वर्षं प्रशासकाचा कारभार. जाब विचारायला वॉर्डात नगरसेवकसुद्धा नव्हता.

म्हणून माझं मत असं, की गावांना आत घ्यायच्या आधी प्रत्येक गावासाठी चार पानं छापा. पाण्याची लाईन, ड्रेनेज, केएमटीच्या (शहर बसच्या) फेऱ्या, घरफाळ्याचे टप्पे, आणि प्रत्येकापुढं वर्ष. मग मोर्चे काढा, बंद पाळा, काय करायचं ते करा.

कागदानं सगळं होतं असंही नाही. आमच्या गल्लीतले दिवे चार वर्षांच्या आराखड्यात होते, लागले नाहीत. पण वार्षिक अहवालात 'झालं नाही' एवढं छापून आलं. ते कात्रण मी बैठकीला घेऊन गेलो होतो.

मामांना फोनवर हे सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. म्हणाले, "छापू दे की. पण खाली सही कुणाची, ते आधी इचार."